पहाटेचा विसर्ग आणि नदीकाठची सोसायटी : एकतानगरी पट्ट्यातील पुराचे प्रकरण

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्याला लागून असलेल्या एकतानगरी, निंबजनगर आणि विठ्ठलवाडी या मुठेकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आदल्या चोवीस तासांत लवासात ४५३ मिलिमीटर आणि शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस झाला होता. खडकवासला धरणातून मुठेत सोडलेला विसर्ग पहाटे ३५,००० क्युसेकच्या पुढे गेला, तेव्हा बहुतेक घरे झोपेत होती. पार्किंगमधली वाहने बुडाली, तळमजल्यांवर पाणी चढले आणि अडकलेल्यांना बाहेर काढायला अग्निशमन दलाबरोबर लष्करालाही यावे लागले. त्याच पहाटे डेक्कनच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तिघा तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. पुढे दहा दिवसांतच, ४ ऑगस्टला, विसर्ग पुन्हा त्याच पातळीवर गेला आणि एकतानगरीतल्या लोकांना पुन्हा घरे सोडावी लागली.

सूचना वेळेत पोचली नाही, ही रहिवाशांची मुख्य तक्रार होती आणि ती रास्त आहे. पण सूचना वेळेत पोचली असती तरी त्या तासाभरात नेमके काय करायचे, कोणी आणि कोणत्या क्रमाने, हे किती सोसायट्यांत ठरलेले होते? या लेखात तेवढेच तपासले आहे. त्यासाठी घेतलेली इमारत ही कुठली एक विशिष्ट सोसायटी नाही. या पट्ट्यात जे वारंवार दिसते ते तिच्यात एकत्र केले आहे: पाच मजले, खाली स्टिल्ट (नुसत्या खांबांवरचे मोकळे) पार्किंग, पार्किंगच्याच पातळीवर दोन फ्लॅट आणि वॉचमनची खोली, जिन्याखाली मीटरचे पॅनेल, जमिनीखाली २०,००० लिटरची टाकी, बाजूला मोटार, आणि नदीच्या अंगाला पाच-सहा फुटी विटांची कंपाउंड भिंत.

धरणाचा हिशेब

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. ३५,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. हा आकडा ऐकून छाती दडपते, पण निर्णय घ्यायला त्याचा उपयोग नाही. उपयोगाचा हिशेब दुसरा आहे.

खडकवासला साखळीत चार धरणे आहेत. पानशेत १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि सगळ्यात खाली खडकवासला, फक्त १.९७ टीएमसीचे. शहराच्या डोक्यावरचे धरण साखळीत सर्वांत लहान आहे. वरची धरणे भरली नसतील तर त्यांच्या पाणलोटातला पाऊस तिथेच अडतो, पण खडकवासल्याच्या स्वतःच्या पाणलोटात पडलेला पाऊस थेट खडकवासल्यातच येतो. ताशी हिशेबाने ३५,००० क्युसेकचा येवा (धरणात येणारे पाणी) म्हणजे तासाला ०.१२६ टीएमसी. धरण ८५ टक्के भरलेले असेल तर रिकामी जागा ०.३ टीएमसीपेक्षा कमी, म्हणजे असा येवा धरण सव्वादोन ते अडीच तासच पोटात घेऊ शकते. त्यानंतर जेवढे येईल तेवढे सोडावेच लागते. रात्री अकराला विसर्ग कमी दिसला म्हणून निर्धास्त झोपलेल्या माणसाला पहाटे चारला चौपट विसर्ग भेटू शकतो, तो यामुळेच.

धरणापासून एकतानगरीपर्यंत नदीमार्गाने आठ-दहा किलोमीटर अंतर आहे. पुराच्या पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर नऊ किलोमीटरला सव्वा तास लागतो. पण वाढलेल्या विसर्गाची लाट प्रत्यक्ष पाण्याच्या वेगापेक्षा पुढे पळते, साधारण दीडपट. म्हणजे दारे उचलल्यापासून तुमच्या गेटपाशी पातळी चढू लागेपर्यंत हातात पाऊण ते सव्वा तास. त्यातून निरोप धरणावरून निघून कुठल्या तरी ग्रुपवर येईपर्यंतचा वेळ वजा करा. उरतो अर्धा तास. अर्ध्या तासात चाळीस फ्लॅटची दारे ठोठावून चाव्या गोळा करून साठ वाहने हलत नाहीत. म्हणून पाणी दिसल्यावर हलायचे, हा बेतच मुळात चुकीचा आहे. आकडा कळला की हलायचे, आणि तो आकडा पावसाळ्याआधी ठरलेला हवा.

आकडा कसा ठरवायचा? आवारातल्या सर्वांत खालच्या ड्रेनेज चेंबरचे झाकण हे शून्य धरा. तिथून पार्किंगच्या एका खांबावर दर दहा सेंटिमीटरला ऑइल पेंटने रेघ मारा. ज्या दिवशी विसर्ग जाहीर होईल त्या दिवशी विसर्ग, वेळ आणि पाणी कुठवर आले ते एका वहीत लिहा. चेंबरमध्ये पाणी तुंबायला लागले तो विसर्ग, पार्किंगमध्ये घोट्याएवढे झाले तो विसर्ग, मीटरच्या पॅनेलच्या खालच्या कडेला लागेल तो विसर्ग. दोन-तीन पावसाळ्यांत प्रत्येक इमारतीला स्वतःचे तीन आकडे मिळतात. शेजारच्या सोसायटीचा आकडा उसना घेऊ नका. जोत्यातला एका फुटाचा फरकसुद्धा बराच मोठा असतो. जिथे ३५,००० ला घरात पाणी आले आहे, अशा इमारतीने आमच्या मते २०,००० क्युसेक जाहीर होताच वाहने बाहेर काढावीत. चार वेळा उगाच धावपळ होईल, ती होऊ द्यावी.

रात्रीसाठी वेगळा नियम हवा. घाटमाथ्याला हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल आणि खडकवासला ८५ टक्क्यांच्या वर असेल, तर विसर्ग कितीही असो, वाहने झोपायच्या आधी उंचावर लावायची. रेड अलर्ट म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता, एवढे लक्षात असले की या नियमावर वाद होत नाही.

पाणी आधी खालून येते

नदीचे पाणी गेटमधून आत येते असे सगळ्यांना वाटते. गेटवर पोती रचली जातात, आणि पोत्यांच्या आतल्या बाजूला पार्किंग भरते.

याचे कारण ड्रेनेज. इमारतीची १५० किंवा २०० मिलिमीटरची लाइन बाहेरच्या मुख्य वाहिनीला मिळते आणि या भागातल्या मुख्य वाहिन्या नदीच्या कडेकडेनेच जातात. नदी चढली की चेंबरमधून आणि फुटक्या सांध्यांतून पाणी वाहिनीत शिरते, वाहिनी दाबाखाली येते आणि प्रवाहाची दिशाच उलटते. मग जिथे तोंड सर्वांत खाली असेल तिथून पाणी वर येते. तो बहुधा पार्किंगमधला चेंबर किंवा तळमजल्यावरच्या फ्लॅटचा नहाणी ट्रॅप (न्हाणीतले पाणी जाण्याचे तोंड) असतो. चेंबरचे झाकण आधी गुडगुडते, कडेने बुडबुडे येतात, मग काळपट, वासाचे पाणी झिरपते. नदीचे मातकट पाणी नंतर येते. काळे पाणी दिसले की अजून थोडा वेळ आहे. गढूळ दिसले की नदी आत आली.

याला उपाय एकच, लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. तो शेवटच्या आतल्या चेंबरमध्ये, बाहेरच्या वाहिनीला जोडण्यापूर्वी बसवायचा. लाइन १५० मिलिमीटरची असेल तर व्हॉल्व्हही १५० चाच हवा, लहान बसवला की पावसाळ्याबाहेरही तुंबतो. झडप उघडून साफ करता येईल असे झाकण असलेलाच घ्या, कारण झडपेखाली सॅनिटरी नॅपकिन किंवा चिंधी अडकली की ती पूर्ण बसत नाही आणि नेमकी पुराच्या दिवशी गळते. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा उघडून धुवावी लागते. हे काम कोणाच्या नावावर आहे ते फळ्यावर लिहिलेले असावे.

आता यातली अडचण, जी व्हॉल्व्ह विकणारा सांगत नाही. झडप मिटली की बाहेरचे पाणी आत येत नाही, तसे आतलेही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यांवर अंघोळी, फ्लश, वॉशिंग मशीन चालू राहिले तर ते सगळे तळमजल्याच्या संडासातून वर येते. पुराचे पाणी न येताही घर घाण पाण्याने भरते. म्हणून झडप बसवलेल्या इमारतीत विसर्गाचा पहिला आकडा आला की ओव्हरहेड टाकीचा खाली येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा आणि प्रत्येक घराने आधी दोन बादल्या भरून ठेवायच्या. निरोप जाऊनही कोणीतरी मशीन लावतेच, त्यामुळे निरोपावर विसंबू नका, व्हॉल्व्हच बंद करा.

व्हॉल्व्ह नसेल तर तळमजल्यावर निदान एवढे करावे: जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून, तोंड घट्ट बांधून ती कमोडमध्ये आणि नहाणी ट्रॅपवर दाबून बसवायची. वाळूच घ्या, चिंध्या तरंगतात. याने पाणी थांबत नाही, पण वेग कमी होतो आणि गाद्या, धान्य, कागदपत्रे वर न्यायला वेळ मिळतो.

पोत्यांविषयी थोडे. तीन मीटर रुंद गेट दोन फूट उंचीपर्यंत नीट अडवायला पायाशी रुंद आणि वर निमुळता असा बांध लागतो, म्हणजे सुमारे दोनशे पोती. दोन तृतीयांश भरलेले पोते १५ किलोच्या वर जाते, म्हणजे तीन टन वाळू. पहाटे चारला हे होत नाही. आणि ड्रेनेज आधी बंद केले नसेल तर पोती आत आलेले पाणी बाहेर जाऊ देत नाहीत, पूर ओसरल्यावरही पार्किंग तुंबून राहते.

वीज

या पट्ट्यातल्या बहुतेक जुन्या इमारतींत मीटरचे पॅनेल जिन्याखाली, जमिनीपासून दोन-तीन फुटांवर असते. बांधताना ते सोयीचे होते. पुरात तीच जागा सर्वांत धोक्याची. पाणी पॅनेलला लागले की फ्यूज उडेल आणि प्रश्न मिटेल, ही समजूत जीवघेणी आहे. गढूळ पाण्यातून वाहणारा प्रवाह फ्यूज उडवण्याइतका मोठा नसतो, माणूस मारायला मात्र पुरेसा असतो. फ्यूज आणि एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वायर वाचवण्यासाठी असतात. माणूस वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच. कॉमन लाइनवर, म्हणजे मोटार, पार्किंगचे दिवे आणि लिफ्टच्या खड्ड्यातला दिवा यांवर ती नसलेल्या इमारती अजून सर्रास दिसतात.

क्रम असा ठेवावा. पाणी आवारात यायच्या आधी, पाय कोरडे असताना, मेन स्विच बंद करायचा. पाय ओले झाले असतील किंवा पॅनेलपाशी पाणी पोचले असेल तर स्विचला हात लावायचा नाही. मग १९१२ वर कळवून महावितरणकडून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यायचा आणि तो तुटल्याची खात्री होईपर्यंत पार्किंगच्या पाण्यात कोणी उतरायचे नाही. गाडी काढायलासुद्धा नाही.

मेन बंद केला की सगळे सुरक्षित, असेही नाही. तळमजल्यावरच्या फ्लॅटमधला इन्व्हर्टर मेन गेल्याबरोबर स्वतःहून चालू होतो आणि बुडालेल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट देत राहतो. घर रिकामे करून लोक वर गेलेले असतात, इन्व्हर्टर खाली चालूच. मेनआधी इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची एक वायर काढायची. जनरेटर असल्यास त्याचा ऑटो मोड बंद करायचा. गच्चीवर बॅटरीसह सोलर असेल तर त्याचा आयसोलेटरही (पुरवठा तोडणारा स्विच). फुटपाथवरच्या फीडर पिलरपासून (वीजवाटपाच्या पेटीपासून) आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबापासून लांब राहायचे. साचलेल्या पाण्यातून लोखंडी हातगाडी, टपरी किंवा शटर ओढायला जाणे हा पुराच्या रात्रीचा सर्वांत वाईट निर्णय ठरू शकतो. पुलाच्या वाडीने ते दाखवले आहे.

पॅनेल वर नेणे हे खर्चाचे काम आहे, पण सोसायटीने एकच खर्च करायचा ठरवला तर तो इथे करावा. पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या चौकात, माहीत असलेल्या सर्वांत उंच पाण्याच्या खुणेपेक्षा निदान दोन फूट वर. मीटर महावितरणची मालमत्ता असल्याने अर्ज करून आणि परवानाधारक कंत्राटदाराकडूनच हलवावे लागते. पावसाळ्यात हे होत नाही, अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा.

लिफ्ट, टाकी, गॅस

लिफ्ट तळमजल्यावर कधीच सोडू नका. पण अगदी वरच्या मजल्यावरही नको. लिफ्ट वर गेली की तोलाचे वजन खाली खड्ड्याजवळ येते आणि ते व त्याच्या मार्गिका भिजतात. मधल्या मजल्यावर थांबवून वीज बंद केली की दोन्ही कोरडी राहतात. खड्ड्यातले बफर आणि स्विच तरीही भिजतील, त्यामुळे पाणी ओसरल्यावर लिफ्टवाल्याने खड्डा तपासल्याशिवाय चालू करायची नाही.

जमिनीखालची टाकी रिकामी ठेवू नये. आजूबाजूची माती पाण्याने भरली की रिकाम्या टाकीला खालून उचलणारा दाब येतो आणि तळाला तडे जातात, प्लास्टिकची टाकी तर वर उचलली जाते. टाकी भरा, महापालिकेच्या पाण्याचा येणारा व्हॉल्व्ह बंद करा, झाकणाच्या कडेला जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावा. पाणी टाकीवरून गेले तर आतले पाणी दूषितच समजायचे, ते दिसायला कितीही स्वच्छ असो.

१४.२ किलो गॅसने भरलेला सिलिंडर एकूण तीस किलोच्या आसपास भरतो, पण त्याचे आकारमान ३३ लिटरहून जास्त असल्याने तो भरलेला असतानाही पाण्यावर तरंगतो. नळी जोडलेली असेल तर तरंगताना ती उपटली जाते. रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर वर न्यायचा. पाइप गॅस असेल तर घराबाहेरचा व्हॉल्व्ह बंद.

कंपाउंड भिंत

एक मीटर खोल पाणी भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरवर सुमारे ५०० किलोचा आडवा जोर देते. खोली दीड मीटर झाली की जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, म्हणजे ११०० किलोच्या वर. सहा किंवा नऊ इंची विटांची भिंत या जोरासाठी बांधलेलीच नसते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसे गेली. तिथे धरण नव्हते, कात्रजच्या डोंगरातून आलेला ओढा होता आणि हातात तासाचाही वेळ नव्हता. भिंतीचे गणित मात्र तेच.

त्यामुळे नदीच्या अंगाच्या भिंतीला जमिनीलगत दर दीड-दोन मीटरला पाणी जाण्याची भोके असावीत आणि ती पावसाळ्याआधी मोकळी करावीत. दोन्ही बाजूंना पाणी सारखे राहिले की जोर कापला जातो. भिंतीलगत वाहने लावू नयेत, वॉचमनची खोली भिंतीला टेकून तर मुळीच असू नये.

वॉचमनविषयी इथेच. रहिवाशांच्या याद्यांत त्याचे कुटुंब नसते, कारण त्याचा फ्लॅट नसतो. पण स्टिल्टच्या पातळीवर रात्री झोपणारे तेच असतात, आणि दारे ठोठावायचे कामही त्यालाच दिलेले असते. त्याची बायको-मुले पहिल्या आकड्यालाच वरच्या एखाद्या घरी जातील आणि कोणत्या घरी, हे सोसायटीने आधी ठरवावे. तळमजल्यावरच्या वृद्धांनाही तेव्हाच हलवावे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले, डायलिसिस चालू असलेले, दिवस भरत आलेल्या बायका यांना वरच्या मजल्यावर नेऊन भागत नाही. वीज आणि लिफ्ट दोन-दोन दिवस बंद राहू शकते. त्यांना रस्ता कोरडा असतानाच दुसऱ्या भागात नातेवाइकांकडे पोचवावे. अडकलेच तर ११२, अग्निशमन दलाचा १०१ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.

बुडालेली वाहने

सर्वांत जास्त पैसा इथे जातो, आणि तो बऱ्याचदा पाण्याने नव्हे, किल्लीने जातो. पाणी ओसरले, गाडी वरून पुसली, चालू होते का बघितले. इंजिनमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हजारांत भागणारी दुरुस्ती इंजिन बदलण्यावर जाते. विमा कंपनीही इथेच हात वर करते. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण पाणी गेलेले इंजिन चालू केल्याने झालेले नुकसान इंजिन प्रोटेक्शनचे जोड कलम नसेल तर बहुधा नाकारले जाते. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात काहीच मिळत नाही.

बुडालेल्या गाडीचे आधी फोटो काढा, पाण्याची रेघ दिसेल असे. बॅटरीची ऋण वायर काढा. किल्ली फिरवू नका, धक्काही मारू नका. गिअरमध्ये असलेली गाडी ढकलली तरी इंजिन फिरते. फ्लॅटबेडवर चढवून न्या. दुचाकीत एअर फिल्टर काढून बघा, ऑइलची डिपस्टिक ओढा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे. ऑइल आणि फिल्टर बदलून, प्लग काढून, सिलिंडरमधले पाणी बाहेर काढल्यावरच किक मारायची. इलेक्ट्रिक वाहन बुडाले असेल तर चार्जिंगला लावू नये आणि इमारतीपासून लांब उघड्यावर ठेवावे. भिजलेली लिथियम बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते.

पाणी ओसरल्यावर

गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो टाइलच्या सांध्यांत आणि ड्रेनेजमध्ये घट्ट बसतो. मात्र पंचनाम्याआधी भिजलेले सामान फेकून देऊ नका. भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज, कपाट, गाद्या यांचे तारीख दिसणारे फोटो, शक्यतो मोजपट्टी धरून काढा. पंचनाम्याला आधार, बँक पासबुक, वीजबिल लागते; भाडेकरूंनी भाडेकरार हाताशी ठेवावा, नाहीतर सामान त्यांचे आणि मदत मालकाच्या नावावर, असा घोळ होतो. चपलांचे रॅक, मीटरची पेटी, पार्किंगमधले भंगार यांत साप शिरलेले असतात, हात घालण्याआधी काठीने हलवा.

तळघर असेल तर मोटार लावून एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते आणि आतला आधार अचानक गेला की भिंत आत येते. दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावे आणि बाहेरून किती परत झिरपते ते बघत जावे.

टाकी रिकामी करून घासून धुवावी, गाळ बाहेर काढावा आणि पुन्हा भरावी. २०,००० लिटरला ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर ३ किलो लागते. आधी बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन वरचे पाणी ओतायचे. निदान बारा तास ठेवून ते पाणी सोडून द्यायचे, प्यायचे नाही. पुन्हा भरल्यावर रोजच्या शुद्धीकरणाला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगल्या पावडरपासून सुरुवात करावी आणि अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी) घ्यावी. क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी दिसला तर थोडी वाढवावी. पावडर जुनी, दमट असेल तर तिच्यात जोर राहत नाही, त्यामुळे चाचणीला पर्याय नाही. फरशीसाठी लिटरला ३० ग्रॅम. हे करताना संडासाचे ॲसिड जवळपासही नको, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

बुडालेल्या एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून वापरू नका, बदला. आत बसलेला गाळ पुढच्या वेळी त्यांना पडू देत नाही. वायरिंग कोरडे झाल्यावर इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्ट मेगरने (वायरवरचे आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यावे. एक मेगाओहमपेक्षा कमी आले तर ते सर्किट जोडायचे नाही. आधी कॉमन लाइन, मग मोटार, मग एकेक फ्लॅट, असा क्रम ठेवला की दोष कुठे आहे ते लगेच सापडते. घाण पाण्यात उतरलेल्या कोणालाही पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात गेल्याचे आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसचा विचार वेळेत झाला तर औषध साधे असते.

सभेत काय ठरवायचे

वरच्या मजल्यावरच्यांना वाटते, पाणी तळमजल्याचे, खर्च त्यांनी करावा. पण मीटर, मोटार, टाकी आणि ड्रेनेज सगळ्यांचे आहे. पॅनेल बुडाले की पाचव्या मजल्यावरही अंधार आणि कोरडे नळ. हा खर्च कॉमन फंडातून करायचा, असा ठराव मे महिन्यातच मांडावा. सोबत चार नावे लिहून घ्यावीत, प्रत्येकाला एक बदली: विसर्ग आणि अलर्ट बघणारा, वीज बंद करणारा, पाण्याचे व्हॉल्व्ह बंद करणारा आणि तळमजला रिकामा करवून घेणारा. चेअरमन-सेक्रेटरीची नावे आपोआप टाकू नका. पहाटे चारला इमारतीत असतो आणि फोन उचलतो, असा माणूस हवा. वाहने कुठे लावायची ती उंचावरची जागा, शाळेचे मैदान असो की ओळखीच्या सोसायटीचे आवार, आधी विचारून ठेवावी, आणि प्रत्येक वाहनाची जादा किल्ली किंवा मालकाचा दुसरा नंबर वॉचमनकडच्या वहीत असावा.

नदीपात्रात टाकलेला राडारोडा, अरुंद झालेला काठ, निळ्या पूररेषेच्या आत उभ्या राहिलेल्या इमारती, ही या पुरामागची मोठी कारणे आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध असल्याने तिथल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकासही बऱ्याचदा अडतो, आणि लोक अडकून राहतात. फ्लॅट घेताना किंवा भाड्याने राहायला जाताना विकास आराखड्याच्या नकाशावर इमारत कोणत्या रेषेत आहे ते बघावे, आणि शेजारच्या किराणा दुकानदाराला २०२४ मध्ये पाणी कुठवर आले होते ते विचारावे. तो खांबावर हात ठेवून दाखवतो.